न बोलावलेल्या भटजीची दक्षिणा
जुन्नर-आंबेगावात जन्मभेदाविरुद्धचा एक लढा दुसऱ्याला कसा जोडला गेला

लग्नघरातून भटजीला बोलावणे गेले नाही. त्याने मुहूर्त काढला नाही, अंतरपाट धरला नाही, मंगलाष्टकांचा एक शब्दही उच्चारला नाही. तरीही त्याने दक्षिणा मागितली. ती मिळाली नाही म्हणून दावा लावला आणि तो दावा जुन्नर तालुक्यातून थेट मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. जे काम केलेच नाही त्याचे पैसे मागता कसे येतात, हे आजच्या वाचकाला कोडेच वाटेल.

गाव होते ओतूर आणि साल १८८४. बाळाजी कुसाजी पाटील यांनी आपल्या घरचे लग्न सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे ब्राह्मण पुरोहिताविना लावले. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन केलेला सत्यशोधक समाज तोवर ओतूर, जुन्नर या भागात चांगला रुजला होता. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे त्याचे मुख्य सांगणे होते. ओतूरच्या ग्रामजोशांना यात धर्माचा अवमान तर दिसलाच, पण त्याहून रोकडी गोष्ट म्हणजे त्यांच्या मालमत्तेला हात लागला होता. ही मालमत्ता कोणती, ते समजले की कोडे सुटते. जातीविरुद्धचा लढा सावकारीविरुद्धच्या, बाईच्या हक्काच्या, कामगाराच्या सुट्टीच्या आणि जंगल-पाण्याच्या लढ्यांशी का जोडला गेला, हेही त्याच धाग्याने उलगडत जाते.

वतन: वापर नसतानाही येणारे बिल

घर महिनाभर बंद असले, एकही दिवा लागला नाही, तरी विजेच्या बिलात ‘स्थिर आकार’ येतोच. जोडणी आहे म्हणजे आकार आहे. वीज वापरली की नाही हा प्रश्न वेगळा. जुन्या गावगाड्यात जोशाचे वतन काहीसे असेच चाले. गावातल्या लग्न-मुंजी, मुहूर्त आणि पंचांग हे काम एका घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असे. ते काम करण्याचा हक्क आणि त्याचा मोबदला मिळून जोशी वतन होई. वतन वारसाने मिळे, भावाभावांत वाटले जाई, गहाण पडे आणि विकलेही जाई. इंग्रजी अमलातल्या न्यायालयांनीही हिंदू कायद्याचा आधार घेऊन अशा वंशपरंपरागत हक्काला मालमत्ता मानले. त्यामुळे यजमानाने दुसरा भटजी आणला तरी वतनदार जोशी नुकसानीचा दावा लावू शके.

ओतूरच्या प्रकरणात मात्र दुसरा भटजी आणलाच नव्हता. त्यामुळे नवा प्रश्न उभा राहिला: ज्याला पुरोहितच नको, त्याच्याकडूनही हा आकार वसूल करायचा का? हायकोर्टाच्या छापील निकालांत हा खटला ‘वामन जगन्नाथ जोशी विरुद्ध बाळाजी कुसाजी पाटील’ या नावाने नोंदलेला आहे. ब्राह्मणाविना लग्न लावण्याची मोकळीक या खटल्याने मिळवून दिली, अशी सत्यशोधक परंपरेतली आठवण आहे. जोशी वतनाचा प्रश्न मात्र मिटला नाही. त्यासाठी १९२६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि ज्याने सेवा घेतलीच नाही त्याच्याकडून धार्मिक विधीचा मोबदला वसूल करण्याचा मार्ग बंद झाला.

हा कायदा घडवून आणण्यासाठी झटलेले सीताराम केशव बोले यांचे नाव आणखी एका कामाशी जोडलेले आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, हा ठराव त्यांनीच ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात मांडून मंजूर करून घेतला होता. महाडच्या नगरपालिकेने तो स्वीकारला आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्यावर झालेल्या सत्याग्रहाला त्याचाच आधार मिळाला. लग्नाची दक्षिणा आणि तळ्याचे पाणी हे वरवर दूरचे विषय, पण दोन्हींसाठी कौन्सिलात झटणारा माणूस एकच होता.

एकच शब्द, दोन टोके

‘वतन’ हा शब्द महारांच्या बाबतीतही वापरला जाई. गावाची वेस राखणे, सारा पोचवणे, सांगावा नेणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे महार वतनात येत. जोशाचे वतन म्हणजे मागण्याचा हक्क. महाराचे वतन म्हणजे दिवसरात्र हाकेला ओ देण्याचे बंधन. मोबदला म्हणून थोडी इनाम जमीन आणि बलुते मिळे, पण त्या बदल्यात सगळे घराणे राबे. घरातला एक पुरुष आजारी पडला तर दुसऱ्याला जावे लागे.

एकाच यंत्राचे एक टोक वर पैसा देते आणि दुसरे खाली श्रम ओढून घेते. दोन्ही टोकांना माणसाचा जन्म अडकवलेला आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये महार वतनाच्या सुधारणेसाठी कौन्सिलात विधेयक मांडले, ते यासाठीच. गावकीची ही कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने संपली. म्हणजे वरचे टोक कायद्याने सैल झाल्यावर खालचे टोक सुटायला आणखी तीन दशके लागली.

अमेरिकेतील गुलाम आणि पुण्यातील पुस्तक

सत्यशोधक समाजाची स्थापना होण्याच्या काही महिने आधी, १८७३ मध्येच, फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक निघाले. ते त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्या लोकांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल हा आदर होता आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा होती. अमेरिकेत घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली ती १८६५ मध्ये. आठ वर्षांच्या आत पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाने त्या घटनेचा धागा इथल्या जातीशी जोडला.

वंशभेद आणि जातिभेद एकच आहेत का, हा प्रश्न तेव्हापासून वादाचा आहे. दोन्हींत माणसाची प्रत जन्मावरून ठरते, रोटी-बेटी व्यवहारावर पहारा असतो, कामे वाटून दिलेली असतात आणि वस्ती वेगळी असते. ही झाली साम्ये. फरकही तितकाच ठळक आहे. कातडीचा रंग पाहताक्षणी दिसतो. जात ओळखायची तर विचारावे लागते. एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी गाव विचारतो, मग आडनाव, मग ‘तुमची वस्ती कुठल्या अंगाला’ असे सहज विचारतो आणि तिसऱ्या उत्तराला त्याचा हिशेब पुरा होतो.

खुद्द फुले यांनी आपल्या काळातला आर्य आक्रमणाचा सिद्धांत धरून ब्राह्मणांना बाहेरून आलेले म्हटले. आंबेडकरांनी मात्र १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या छापील भाषणात आणि १९४६ च्या ‘शूद्र कोण होते?’ या ग्रंथात जातीला वंशाचा आधार नाही, असे ठामपणे मांडले. दोघांचे निदान वेगळे होते, पण परक्या देशातल्या लढ्याकडून शिकण्याची तयारी सारखीच होती. १९४६ मध्ये आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तिथल्या कृष्णवर्णीयांचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे जाणार असल्याचे त्यांना कळले होते आणि त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याने नवे अवजार केले की त्याचे माप घेऊन यावे, तसा हा व्यवहार होता.

कापूस, कर्ज आणि खत

गुलामगिरीचा दख्खनशी संबंध पुस्तकापुरता नव्हता. तो शेतकऱ्याच्या कर्जातूनही येत होता. त्याच्या पायऱ्या अशा होत्या:

पहिली पायरी: इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा कापूस मुख्यतः अमेरिकेतल्या गुलामांच्या श्रमावर पिकत होता. १८६१ मध्ये गुलामीच्या प्रश्नावरून तिथे यादवी पेटली आणि तो पुरवठा आटला.

दुसरी पायरी: हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले. पैसा खेळू लागला आणि सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले.

तिसरी पायरी: १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले. सरकारी सारा मात्र रोख आणि ठरलेल्या वेळीच भरायचा होता. त्यासाठी पुन्हा सावकाराच्याच दारी जावे लागे.

चौथी पायरी: १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाचे खत ठरावीक वर्षांत, सहसा तीन वर्षांत, निकामी होऊ लागले. हेतू शेतकऱ्याच्या बचावाचा होता. घडले उलटे. मुदत संपायच्या आत सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेई. अंगठा उठवणाऱ्याला खतात काय लिहिले आहे, ते वाचता येत नसे.

इथे कर्ज आणि जात यांची गाठ पडते. अक्षर कोणाच्या हाती असावे हे पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून ठरले होते. ते हाती नसलेला माणूस खतापुढे आंधळा ठरे. फुले शिक्षणावर इतका भर का देत, हे या एका कागदावरून समजते. त्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) हा ग्रंथ भटशाही, नोकरशाही आणि सावकारी यांचा हिशेब एकाच वहीत मांडतो.

या परिस्थितीला लोकांनी तीन तऱ्हांनी उत्तर दिले. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीतल्या जांभोरीचा महादेव कोळी होन्या भागोजी केंगले याने १८७३ पासून बंड केले. त्याची टोळी सावकारांना लुटी आणि त्यांची नाके कापी. १८७६ मध्ये तो पकडला गेला. पुणे जिल्ह्यात सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली आणि ते लोण आसपासच्या गावांत पसरले. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तिसरी तऱ्हा जुन्नर भागातली. १८८० च्या दशकात इथल्या कुळांनी सत्यशोधकांच्या पाठबळावर सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसायला नकार दिला. नाक कापले नाही, खत जाळले नाही. नांगर मात्र उभा ठेवला.

ओतूरचे लग्न आणि जुन्नरचा कुळांचा संप एकाच दशकातले, एकाच तालुक्यातले. दोन्हींची रीत एकच होती: ज्याच्यावर समोरच्याची सत्ता टिकते तेच द्यायचे थांबवायचे. एकीकडे दक्षिणा थांबली, दुसरीकडे मेहनत.

विधवेचे केस आणि रविवारची सुट्टी

सत्यशोधक लग्नात आणखी एक बदल होता. वधू-वर स्वतः मंगलाष्टके म्हणत. फुले यांनी रचलेल्या या मंगलाष्टकांत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते आणि वर ती मान्य करतो. पुरोहित दूर झाल्यावर मधल्या रिकाम्या जागेत बाईचा आवाज आला. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात गरोदर ब्राह्मण विधवांसाठी बालहत्याप्रतिबंधक गृह काढले होते आणि त्यातल्याच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. ज्या जातीच्या वर्चस्वाविरुद्ध ते लढत होते, त्याच जातीच्या स्त्रियांना त्यांच्या घराचे दार उघडे होते.

जातीच्या आणि बाईच्या लढ्याची ही गाठ मुंबईत आणखी घट्ट झाली. शेजारच्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे मूळ असलेले नारायण मेघाजी लोखंडे हे फुले यांचे सहकारी. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र लोखंडे १८८० पासून मुंबईहून चालवू लागले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी विश्रांती, पगार वेळेवर अशा मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी लागू झाली. त्याच वर्षी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असे ठरले.

न्हाव्यांचा हा संप आपल्या मजुरीसाठी नव्हता. उलट त्यात मजुरी बुडत होती. पण केशवपनाची रूढी न्हाव्याच्या हाताशिवाय चालू शकत नाही, हे त्यांनी ओळखले. व्यवस्था राबवणारा हातच थांबला तर व्यवस्था अडते, ही जुन्नरच्या कुळांना कळलेली गोष्ट इथे दुसऱ्या धंद्यात उतरली.

मुंबई हे या साऱ्याच्या भेटीचे ठिकाण होते. जुन्नर-आंबेगावातली माणसे घाट उतरून पोटासाठी मुंबईला जात, होळीला आणि जत्रेला परत येत. येताना पगाराबरोबर सभेतली भाषाही आणत. आंबेगावातल्या महाळुंगे पडवळ येथील बाबू गेनू सैद हा असाच मुंबईच्या गिरणीत गेलेला तरुण. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे होऊन तो हुतात्मा झाला.

कल्पना गावोगाव कशी पोचते

वाचता येणारे थोडे, तर ‘दीनबंधु’ किती जणांपर्यंत जाणार? हा प्रश्न जलशाने सोडवला. ओतूरचे भीमराव महामुनी हे सत्यशोधक जलशाच्या पहिल्या कलावंतांपैकी एक. त्यांनी तमाशाचाच साचा घेतला. तमाशात आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग असतो. जलशाने ढोलकी-डफ तेच ठेवले, पण गणात निर्मिकाचे, म्हणजे सृष्टी निर्माण करणाऱ्याचे, स्तवन आले आणि वगात राजा-राणीच्या जागी शेतकरी, सावकार आणि भटजी उभे राहिले. ओळखीच्या भांड्यात नवे दूध तापवावे, तसे हे होते. प्रेक्षक हसत हसत खताचे व्याज समजून घेई.

हा साचा पुढे आंबेडकरी जलशांनी उचलला. भीमराव कर्डक यांचे जलसे त्यात नावाजले. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तमाशा उभा केला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी या समाजांतल्या कलावंतांनी. ओतूरपासून जवळच्या नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला तिथे येतात. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्याच कलेच्या भांड्यातून गावाला समतेचा पहिला घोट मिळाला.

पँथर: शब्दाचा परतीचा प्रवास

१८७३ मध्ये पुण्यातून अमेरिकेकडे गेलेला धागा शंभर वर्षांनी उलट दिशेने आला. अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये १९६६ मध्ये ‘ब्लॅक पँथर’ ही संघटना निघाली. २९ मे १९७२ रोजी मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांच्या साथीदारांनी तेच नाव घेऊन ‘दलित पँथर’ स्थापन केली. ढसाळ मूळचे खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचे, म्हणजे लोखंडे यांच्याच मुलखातले. १९७३ च्या जाहीरनाम्यात पँथरने ‘दलित’ या शब्दाची व्याख्या रुंद केली: अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि धर्माच्या नावाखाली वा आर्थिक-राजकीय दृष्ट्या पिळले जाणारे सगळे. यावरून पँथरमध्येच पुढे वाद झाले. व्याख्या रुंद केली की सोबती वाढतात, पण मूळ दुखणे पातळ होण्याची भीतीही वाढते.

जगाच्या व्यासपीठावर हाच प्रश्न २००१ मध्ये आला. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन येथे वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा विषय तिथे यावा म्हणून दलित संघटनांनी जोर लावला. जात म्हणजे वंश नव्हे, असे सांगून भारत सरकारने विरोध केला. वंशभेदाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारात वंश, रंग यांबरोबर ‘जन्मकूळ’ हाही आधार दिलेला आहे. करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २००२ मध्ये सांगितले की या शब्दात जातीवर आधारलेला भेदभाव येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घालणारे सिॲटल हे अमेरिकेतले पहिले शहर ठरले.

चौकट: एक लढा दुसऱ्याला कशाने जोडला जातो?

• *माणसाने:* एकाच व्यक्तीवर अनेक भार असतात. जुन्नरचा कुणबी यजमानही होता, कूळही होता आणि त्याचा भाऊ मुंबईत गिरणी कामगार होता.

• *हत्याराने:* एका लढ्यात सापडलेली रीत दुसऱ्यात चालते. दक्षिणा थांबवणे, नांगर थांबवणे, वस्तरा थांबवणे ही एकाच रीतीची रूपे.

• *कायद्याने:* एका प्रश्नासाठी मिळवलेला ठराव दुसऱ्याला आधार देतो. १९२३ चा पाणवठ्यांचा ठराव नसता तर महाडच्या सत्याग्रहाला कायद्याची बाजू मिळाली नसती.

• *शब्दाने:* ‘गुलामगिरी’, ‘पँथर’ हे शब्द दूरच्या लढ्याचा अनुभव थोडक्यात घेऊन येतात.

• *ठिकाणाने:* गिरणी, जत्रा, जलशाचा फड इथे वेगवेगळ्या गावची, जातींची माणसे एकत्र येतात.

जंगल, धरण आणि पडकई

जुन्नर-आंबेगावचा पश्चिम भाग महादेव कोळी, ठाकर, कातकरी या आदिवासींचा. पाऊस धो धो पडतो, जमीन उताराची, भाताची खाचरे लहान. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून वाळवायचा आणि विकायचा, हे हाती रोकड येण्याचे मोठे साधन. घरापुढच्या अंगणात, कातळावर पसरलेला हिरडा सुरकुतून काळा पडला की त्याला भाव येतो. मध्येच वळीव पडला तर तो हातचा जातो.

उतारावर खाचर करायचे तर दगड खणून बांध रचावा लागतो, त्यामागे माती भरावी लागते. एका कुटुंबाला हे पेलत नाही. म्हणून आज याच्या जमिनीवर, उद्या त्याच्या, असे सगळे मिळून काम करतात. या पद्धतीला ‘पडकई’ म्हणतात. चळवळींची एकजूट कशी चालते, हे समजावून घ्यायला याहून सोपा दाखला नाही: प्रत्येकाचे खाचर वेगळे, बांध वेगळा, पण तो एकट्याने उभा राहत नाही, आणि आज दुसऱ्याच्या बांधाला हात न लावणाऱ्याच्या बांधावर उद्या कोणी येत नाही.

या भागावर दोन ओझी एकापाठोपाठ आली. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे बांधली गेली. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात आदिवासींच्या जमिनी गेल्या. पुढे १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले आणि ज्या रानातून हिरडा येई तिथे जाण्यावरच बंधने आली. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने विस्थापितांबरोबर काम करताना दोन व्यवहारी वाटा धरल्या. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक घेण्याचा हक्क आणि जलाशयात मासेमारी करण्यासाठी आदिवासींचीच सहकारी संस्था. पडकईला सरकारी योजनेतून मजुरी मिळावी यासाठीही त्यांनी पाठपुरावा केला. वनहक्कांचा २००६ चा कायदा आल्यावर लढ्याला नवे हत्यार मिळाले, कारण दाव्याची पहिली तपासणी ग्रामसभा करते. किसान सभेसारख्या संघटना या दाव्यांसाठी आणि हिरड्याच्या भावासाठी मोर्चे काढत आल्या आहेत.

यात जन्मभेद कुठे आला? कोणाची जमीन बुडवणे स्वस्त पडते, या प्रश्नात. ज्याच्याकडे सात-बारा नाही, तालुक्याच्या कचेरीत ओळख नाही आणि ज्याच्या कसण्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘अतिक्रमण’ म्हटले गेले, त्याचा तोटा कागदावर कमी दिसतो. खतावर अंगठा उठवणाऱ्याचे जे झाले तेच इथे नकाशावर झाले.

जोड कुठे निखळते

लढे आपोआप जोडलेले राहत नाहीत. सावकाराच्या तावडीतून सुटलेल्या शेतकऱ्याने महाराला आपल्या विहिरीवर येऊ दिलेच असे नाही. फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यांच्या अनुयायांपैकी सगळ्यांनी तो कित्ता गिरवला नाही. ब्राह्मणेतर चळवळीतले अनेक पुढारी १९३० नंतर काँग्रेसमध्ये गेले आणि सत्तेत वाटा मिळाल्यावर वतनाच्या खालच्या टोकाचा प्रश्न त्यांच्यापुरता मागे पडला. ज्याला ज्या टोकाला टोचते, तिथपर्यंतच त्याचा लढा जातो. पुढे न्यायचा तर कोणीतरी मुद्दाम न्यावा लागतो. बोले, लोखंडे, ओतूरचे जलसेवाले यांनी केलेले काम ते हेच.

कुकडीच्या पाण्याने जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या पूर्व भागात ऊस आणि द्राक्षे उभी राहिली. ती पिकवणाऱ्यांत एकेकाळी सावकाराविरुद्ध नांगर उभा ठेवणाऱ्या कुळांचे वंशजही आहेत. धरणाने उठवलेल्यांना लाभक्षेत्रात जमीन द्यावी, हे तत्त्व महाराष्ट्राच्या पुनर्वसन कायद्यात १९७६ पासून आहे. डिंभे जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव पडले, ते मूळ गाव त्याच जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो.